होटकर विरुद्ध होटकर व इतर

शार्दूल डोईफोडे, वय तेहेतीस, पुरुष, अविवाहित, याला दिवस गेले होते आणि शेजाऱ्यांच्या मदतीने त्याने ते संपवले, असा निकाल सोलापूरच्या नागरिक दावा न्यायालयाने भर दुपारी, दोन्ही पंखे चालू असताना दिला.

असं काही झालंच नाही. निकाल दुसऱ्या दिवशी मागे घेण्यात आला, रेकॉर्डमधून काढण्यात आला, आणि कुणाला तो ऐकल्याचं आठवत असेल तर त्याने विसरावं, अशी समज हजर असलेल्या सर्वांना देण्यात आली. शार्दूल कायदा पाळणारा माणूस होता, त्यामुळे तो विसरला. आपणही विसरू आणि न झालेली गोष्ट पहिल्यापासून बघू.

शार्दूल एका टॉवेल कंपनीत ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायचा. 'आपल्या टॉवेलचा रंग आपल्या अंगाला लागला याबद्दल आम्ही दिलगीर आहोत' हे वाक्य तो चार भाषांत लिहू शकायचा. तो जुळे सोलापुरातल्या मल्लिका अपार्टमेंटमध्ये पहिल्या मजल्यावर एकटा राहायचा. इमारतीत सहा घरं, एक बंद लिफ्ट आणि एक सेक्रेटरी. सेक्रेटरी होटकरकाका. कारकुनी करून निवृत्त झालेले, पण निवृत्ती त्यांनी मनावर घेतली नव्हती.

दावा कायदा येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्याचं खरं नाव इतकं लांब होतं की ते पूर्ण वाचलेला माणूस कुणाला भेटला नव्हता. कायदा असा, की ठरलेल्या मुदतीनंतर कुणाच्या गर्भपाताला कुणी मदत केली, तर त्या मदत करणाऱ्यावर राज्यातल्या कुठल्याही नागरिकाने दावा लावावा आणि जिंकल्यास त्याच्याकडून दहा लाख घ्यावेत. पोलीस यायचे नाहीत. सरकार लांबून बघायचं. बाईवर दावा नसे. बाईला कायदा हात लावत नसे, तिला हात देणाऱ्यांना लावत असे. औषध देणारा, रिक्षाने नेणारा, दवाखान्याबाहेर बाकावर सोबत बसणारा, सगळे मदतनीस. जिवाला धोका असेल तर सूट होती. पण धोका आहे असं लिहून देणाऱ्या डॉक्टरवरही दावा लागू शकायचा, म्हणून तसं कुणी लिहून देत नसे. अशा रीतीने राज्यातल्या सर्व गर्भवतींच्या जिवाला असलेला धोका कागदोपत्री संपुष्टात आला होता.

आता दावा लावायचा तर आधी कळायला हवं. त्यासाठी 'सुगावा' होता.

सुगावा म्हणजे करंजीच्या आकाराचं एक यंत्र. ते गटाराच्या चेंबरमध्ये झाकणाच्या आतल्या बाजूला लटकवायचं. मुळात ते कॉलऱ्याची साथ ओळखायला बनवलं होतं, आणि बनवणारी माणसं चांगली होती. गर्भ राहिला की त्याची वार, म्हणजे जिच्यातून बाळाला पोषण मिळतं ती, एक संप्रेरक सोडते. त्याला एचसीजी म्हणतात. सुरुवातीला ते दर दोन दिवसांनी दुप्पट होतं, लघवीत उतरतं, आणि घरच्या तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटतात त्या त्याच्यामुळेच. सुगावा तेच करायचा, फक्त सगळ्या इमारतीच्या वतीने. तासातासाला चेंबरमधला थेंबभर द्रव ओढायचा, एचसीजीला चिकटणाऱ्या रेणूंच्या पापुद्र्यावर सोडायचा आणि किती चिकटलं त्याचा आलेख मालकाच्या फोनवर काढायचा. आलेख चढला तर गर्भ. चढून उतरला आणि बाळ दिसलं नाही, तर दावा.

कायदा लिहिणाऱ्यांनी एक हुशारी केली होती. गर्भ म्हणजे काय यावर वाद नको, म्हणून त्यांनी लिहून टाकलं, की प्रमाणित यंत्राला जी अवस्था आढळते ती गर्भावस्था. मुदतही यंत्राच्या पहिल्या नोंदीपासून पंधरा दिवस. पुढे एकेका बाईवरून गावभर दावे लागायला लागले, तेव्हा एका आलेखावर एकच दावा, असं ठरलं. मग लोक दावा लावून बाहेर तडजोड करायला लागले, तेव्हा लावलेला दावा मागे घेता येणार नाही, असंही ठरलं. प्रत्येक दुरुस्ती शहाणपणाची होती. सगळ्या एकत्र वाचायचं शहाणपण तेवढं राहून गेलं.

होटकरकाकांनी मल्लिकाच्या चेंबरमध्ये सुगावा बसवला तो सोसायटीच्या भल्यासाठी. लिफ्ट दुरुस्त करायला निधी हवा होता.

फेब्रुवारीत एका सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा रोजचा संदेश आला. काका आलेली प्रत्येक गोष्ट ग्रुपवर पुढे ढकलायचे, आणि हात बसलेला माणूस ढकलताना वाचत नाही. संदेश असा होता: 'शुभ सकाळ. उद्या नळाला पाणी येईल, टाक्या भरून घ्याव्यात. अभिनंदन! आपल्या चेंबरमध्ये गर्भ आढळला आहे.'

तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी फुलांचा गुच्छ पाठवला. मग ग्रुप शांत झाला आणि जो तो मनात मोजायला लागला. इमारतीत बायका पाच. चार साठीच्या पुढच्या. उरली दुसऱ्या मजल्यावरची लावण्या येमूल. नवरा मस्कतला, पण महिन्यासाठी सुटीवर आला होता आणि नुकताच परत गेला होता.

लावण्याला आधीची एक मुलगी होती. त्या बाळंतपणानंतर तिचं हृदय सुजलं होतं. पंपासारखं चालायचं ते पिशवीसारखं लोंबकळायला लागलं. चार महिने ती जिना चढू शकली नव्हती. हृदय हळूहळू जागेवर आलं, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, "एकदा परत आलंय. दुसऱ्यांदा येईलच असं नाही. दुसरं मूल नको."

दुपारी शार्दूल येमूलांचं कुरिअर द्यायला वर गेला, तेव्हा दार उघडंच होतं आणि लावण्याची सासू नरसम्मा सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. हात चालू, तोंड बंद. नरसम्माचं तोंड बंद असणं ही काळजीची बाब होती.

"काय झालं अम्मा?"

"एक रेघ आली," नरसम्मा म्हणाली. "एकच. दोनदा बघितलं मी. चष्मा लावून, चष्मा काढून."

आतून लावण्या आली. रडून झालेला चेहरा धुतलेला. "मी नाही दादा. मी नाहीये."

"मग कोण? होटकरकाका?"

लावण्या हसली. एवढं हसू आल्यावर शार्दूलला राहवेना. टेबलावर दोन पट्ट्यांचं पाकीट पडलं होतं, त्यातली एक उरली होती. "उरलेली वाया कशाला घालवायची वहिनी? द्या इकडे. मी निर्दोष असल्याचा पुरावा ग्रुपवर टाकतो."

तो खाली जाऊन आला आणि पट्टी टेबलावर ठेवली. तिघं बघत बसले. एक रेघ आली. मग दुसरी आली, जाडजूड, मराठीच्या गाईडमध्ये महत्त्वाच्या वाक्याखाली मारतात तशी.

तिघंही पोट धरून हसले. सगळ्यात जास्त हसली नरसम्मा. आणि सगळ्यात आधी थांबली ती नरसम्माच.

"दवाखान्यात जा," ती म्हणाली.

"अम्मा, पट्टी खराब असेल की."

"मग खराब आहे म्हणून डॉक्टर सांगू दे. बाप्या माणसाला दोन रेघा कशा येतील रे? जा म्हणते ना."

शार्दूलला एक गाठ होती. ती कुठे होती हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि ती सुपारीएवढी झाली तरी तो सायकलच्या सीटलाच दोष देत होता. युरॉलॉजिस्टने तपासलं, सोनोग्राफी केली, रक्त बघितलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"वृषणात गाठ आहे. कॅन्सरची. या जातीच्या काही गाठींमधल्या पेशी स्वतःला वार समजतात आणि एचसीजी सोडतात. म्हणून पट्टीला वाटलं तुम्ही गरोदर आहात." डॉक्टरांनी पट्टीचा फोटो पुन्हा बघितला. "नशीबवान आहात हो. लवकर सापडलंय. एक वृषण काढायचं, वर थोडी औषधं. या आजाराचे बहुतेक पेशंट बरे होऊन घरी जातात."

"मग काढा की."

"काढायला हवंच. मी मात्र नाही काढणार."

शार्दूलला वाटलं, विनोद आहे. डॉक्टरांनी हात जोडले. "तुमच्या इमारतीत सुगावा आहे. मी गाठ काढली की तुमचा एचसीजी पडणार. आलेख खाली आला की दावा. कुणावर? पहिला माझ्यावर. शेवटी जिंकेनही, पण तोवर वर्षभर कोर्टात. माझे दोन सहकारी तिथेच असतात, बाकावर भेटतात एकमेकांना. भीमेचा पूल ओलांडून विजापूरला जा. तिकडे हा कायदा नाही. पण थांबू नका. ही गाठ थांबत नाही."

शार्दूलने त्यांचे आभार मानले. मनापासून मानले. आपण मरणार नाही हे नुकतंच कळलेल्या माणसाला बाकीच्या गोष्टी किरकोळ वाटतात.

विजापूरच्या तपासण्या आणि तारीख जमवण्यात दोन-अडीच आठवडे गेले. त्या काळात एका संध्याकाळी लावण्या त्याच्या दारात उभी राहिली. हातात नवी पट्टी. तिच्यावर दोन रेघा, दुसरी अगदी पुसट.

"त्या दिवशी फारच लवकर तपासलं मी," ती म्हणाली. "तेव्हा कळण्यासारखं नव्हतं. आता आहे."

"म्हणजे अजून सुरुवातच आहे वहिनी. मुदतीत..."

"मुदत संपली दादा."

शार्दूलला समजायला थोडा वेळ लागला. मुदत पहिल्या नोंदीपासून. पहिली नोंद त्याच्या गाठीची. ज्या दिवशी ग्रुपवर अभिनंदन आलं त्या दिवशी लावण्याचं घड्याळ सुरू झालं होतं, आणि ते सुरू केलं होतं शार्दूलने, काहीही न करता, सायकलवर बसून.

"तुमच्या गाठीने माझे पंधरा दिवस खाल्ले," लावण्या म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "गावातल्या तीन डॉक्टरांकडे जाऊन आले. तिघींनी पाणी दिलं, बसायला सांगितलं, आणि दार लावून घेतलं. एक तर रडली. पण नाही म्हणाली."

नरसम्मा तिच्या मागून आत आली आणि न विचारता खुर्चीत बसली. "मी नेते हिला विजापूरला. माझ्यावर दावा लावू दे. घर माझ्या नावावर आहे. घेऊ दे घर."

"आणि राहायचं कुठे अत्तम्मा?" लावण्याने सासूला विचारलं. "पोरगी कुठे राहील?"

"तू नसशील तर पोरगी कुठे राहील, ते सांग आधी!"

शार्दूल खिडकीशी गेला. खाली चेंबरचं झाकण दिसत होतं, निरागस. त्याच्या मनात आलं, मी माझी गाठ अजून महिनाभर ठेवली तर? माझा आलेख चढता राहील, तिचा उतार त्याच्याखाली झाकला जाईल. त्याने हे बोलून दाखवलं.

नरसम्माने पायातली चप्पल काढली नाही, पण तिच्याकडे बघितलं. "मरशील मेल्या. तू मेल्यावर आम्हाला विजापूरला कोण नेणार?"

आणि मग तिचं तिलाच काहीतरी सुचलं. तिने चप्पल विसरून शार्दूलकडे बघितलं. "तुझं ऑपरेशन कधी आहे?"

अशा रीतीने ठरलं. एकच दिवस, एकच दवाखाना. त्याच दवाखान्यात खालच्या मजल्यावर डॉ. हिरेमठ बसत. त्या बायकांच्या डॉक्टर होत्या आणि त्यांना फोनवर काही समजावून सांगावं लागलं नाही. पेशंट शार्दूल. सोबत नरसम्मा आणि लावण्या. सगळ्यांना सांगायचं हर्नियाचं ऑपरेशन. अवघड एकच गोष्ट होती, गाडी. टॅक्सीवाल्यांना दावा कायद्याने नवा जोडधंदा दिला होता. सीमेपलीकडच्या दवाखान्याला गिऱ्हाईक सोडायचं आणि परत येताना वकिलाला फोन करायचा.

गाडीचा प्रश्न सुटला तो होटकरकाकांमुळे. मल्लिका अपार्टमेंटमध्ये एक रिवाज होता, की कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर सेक्रेटरीची गाडी जायची. लिफ्ट बंद पडल्यापासून काका हा रिवाज जास्तच कसोशीने पाळत होते. हर्नियाचं कानावर येताच ते शार्दूलच्या दारात हजर.

"टॅक्सी? मी मेलोय का?"

"काका, तुम्हाला कशाला त्रास..."

"गप बस बे. सकाळी सहाला गाडी खाली."

शार्दूलने नरसम्माकडे बघितलं. नरसम्माने वर बघितलं, जिथे तिचा देव असतो. नाही म्हणायला कारण सुचेना, आणि सुचलं असतं तरी काका ऐकणारे नव्हते.

त्या प्रवासात शार्दूल मागच्या सीटवर आडवा पडून कण्हत होता, कारण पेशंटने काहीतरी करायला हवं. त्याच्या शेजारी कोपऱ्यात लावण्या. पुढे नरसम्मा, मांडीवर पिशवी घट्ट धरून. काका गाडी चालवता चालवता सुगाव्याची नवी आवृत्ती कशी येतेय, तिच्यात बाईचा रक्तगटसुद्धा कळणार आहे, वगैरे सांगत होते. मंद्रूपच्या पुढे लावण्याने गाडी थांबवायला सांगितली आणि रस्त्याकडेला उलटी केली.

काका घाईने उतरले. पाण्याची बाटली दिली. डिकीतून आवळासुपारी काढली. "गाडी लागते वाटतं सूनबाईंना. पुढे बसा तुम्ही. अम्मा, मागे या. समोर नजर ठेवायची, लांब. माझ्या हिलाही लागायची." उरलेला सगळा रस्ता त्यांनी गाडी इतकी हळू चालवली की एका ट्रॅक्टरने त्यांना मागे टाकलं.

भीमेचा पूल आला. पूल संपला. गाडीतल्या तिघांचे खांदे एकाच वेळी खाली आले, आणि काका म्हणाले, "इकडचा रस्ता बरा आहे, नाही?"

दवाखान्यात काकांनी दिवसभर बाक सोडला नाही. लावण्या 'बीपी तपासायला' खालच्या मजल्यावर गेली ती तीन तास आली नाही, तेव्हा त्यांनी विचारलंही नाही. सगळ्यांसाठी इडल्या आणल्या. नरसम्माची पिशवी जिन्यावरून वाहिली. ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं तेव्हा सगळ्यात आधी उभे राहिले ते. भूल उतरताना शार्दूलला पहिला दिसला तो त्यांचा चेहरा, चिंताक्रांत, मिशीला चटणी लागलेली.

"झालं बघ," काका म्हणाले. "काही नाही झालं."

शार्दूल रडला. भुलीमुळे रडतात लोक, असं नर्स म्हणाली.

पुढच्या पंधरवड्यात मल्लिका अपार्टमेंटचा आलेख दरड कोसळावी तसा कोसळला.

काकांना वाईट वाटलं. त्यांनी दोन दिवस जेवण कमी केलं. पण सुगावा घेतला होता, लिफ्ट बंद होती, आणि इमारतीत त्या वयाची बाई एकच होती. तिचा नवरा मस्कतला, म्हणजे मदत केली ती सासूने. शार्दूलचा तिथे राबता होता, म्हणजे त्यानेही. काकांनी दावा लावला: नरसम्मा येमूल व शार्दूल डोईफोडे यांच्याविरुद्ध. नोटीस द्यायला स्वतः आले, आणि टाके दुखतात का, हेही विचारून गेले.

नरसम्माने घराच्या कागदांची पिशवी काढून देवापुढे ठेवली. लावण्या म्हणाली, "मी कोर्टात उभी राहते. सांगते सगळं." शार्दूल म्हणाला, "वहिनी, माझं बोलून होईपर्यंत काही सांगू नका. आलेख पहिल्या दिवसापासून माझा आहे. खोटं बोलायची गरजच नाही. फक्त विचारतील तेवढंच बोलायचं."

न्यायाधीश ताम्हनकरबाई होत्या. दावा कायद्याचे खटले चालवून त्यांचा चेहरा कायमचा दात दुखल्यासारखा झाला होता. काका वकिलाशिवाय उभे. शार्दूलही.

"आलेखाबद्दल काही म्हणणं?" बाईंनी विचारलं.

"आहे. तो माझा आहे." शार्दूलने पट्टीचा फोटो, रक्ताचे अहवाल आणि ऑपरेशनची फाइल पुढे ठेवली.

बाईंनी फाइल वाचली. पुन्हा वाचली. काकांकडे सरकवली. काका वाचता वाचता एकेक शब्द पुटपुटत होते आणि 'वृषण' आल्यावर थांबले.

"पण हा पुरुष आहे!" काका म्हणाले. "पुरुषाला गर्भ राहत नाही, बाईसाहेब!"

"यंत्र प्रमाणित आहे ना?"

"आहे की."

"यंत्राला जी अवस्था आढळते ती गर्भावस्था. कलम दोन. 'व्यक्ती' असा शब्द आहे होटकर. 'स्त्री' कुठे लिहिलंय दाखवा, मला आनंद होईल."

काकांनी कायदा उलटसुलट करून बघितला. नव्हता तो शब्द.

"म्हणजे डोईफोडे गरोदर होते," ताम्हनकरबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची दातदुखी जराशी कमी झाली. "ज्याला गर्भ राहतो त्याच्यावर दावा नाही. ते सुटले. राहिले मदतनीस. शस्त्रक्रिया परराज्यात, तो डॉक्टर आमच्या हद्दीत येत नाही. पेशंटला तिथवर नेलं कुणी?"

"मी," काका म्हणाले. सवयीचा अभिमान तोंडातून आधी बाहेर पडला. "पेट्रोलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत."

"बाहेर सोबत कोण बसलं होतं?"

"मीच. इडल्या पण..."

बाईंनी लेखणी उचलली. काका उभ्या उभ्या आधी लाल झाले, मग पांढरे.

"मागे घेतो दावा!"

"मागे घेता येत नाही. तुमच्यासारख्या नागरिकांच्या मागणीवरूनच केलेली दुरुस्ती आहे ती. गाडीत आणखी कोण होतं?"

"या दोघी होत्या," काका म्हणाले, आणि त्यांची नजर मागच्या बाकावर गेली. तिथे लावण्या बसली होती. शार्दूलला दिसलं, काकांच्या डोक्यात काहीतरी एकाला एक जोडलं जात होतं: रस्त्याकडेची उलटी, आवळासुपारी, खालचा मजला, तीन तास. काकांचं तोंड उघडलं. लावण्याने मान खाली घातली नाही. नरसम्माचे ओठ हलत होते.

"आणि त्यांनी काय मदत केली?" बाईंनी विचारलं.

काकांनी उघडलेलं तोंड मिटलं आणि ते बाईंकडे वळले. मग घसा साफ केला.

"काही नाही बाईसाहेब. काडीची नाही. उलट म्हातारीची पिशवी मलाच उचलावी लागली."

"आणखी काही सांगायचंय?"

"मला हर्निया सांगितला होता," काका म्हणाले. "माझं म्हणणं एवढंच."

तेव्हा निकाल लागला तो असा: होटकर यांनी होटकर यांना दहा लाख द्यावेत. तो निकाल आपण विसरलो आहोत हे मान्य, पण त्या संध्याकाळी तो राजधानीपर्यंत पोचला. दावा कायदा पुरुषांनाही लागू होतो हे कळल्यावर तिकडे जी पळापळ झाली, तशी तीन वर्षांत झाली नव्हती. रातोरात व्याख्या बदलली, निकाल नाहीसा केला गेला. नाहीसं न करता येण्यासारखी गोष्ट एकच उरली. मल्लिका अपार्टमेंटच्या त्या आलेखावर एक दावा लावून झाला होता. दुसरा आता कुणालाच, कधीच लावता येणार नव्हता. घराचे कागद नरसम्माने परत कपाटात ठेवले आणि देवाला एक नारळ जास्तीचा फोडला.

रविवारी शार्दूल शेंगापोळ्या घेऊन काकांच्या दारात गेला. दार अर्धंच उघडलं.

"काय आहे?"

"आभार मानायला आलो काका. तुमच्या यंत्राने नोंद केली नसती तर पट्टी आली नसती, पट्टी नसती तर गाठ कळली नसती. डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यापर्यंत फुप्फुसात गेली असती."

"म्हणजे माझ्यामुळे वाचलास."

"हो."

"तुझ्यामुळे माझी कोर्टात..." काकांनी वाक्य गिळलं. वरच्या मजल्यावरून लावण्याच्या मुलीचा धावण्याचा आवाज येत होता, आणि तिच्यामागे धावणाऱ्या पावलांचा. दोघांनी छताकडे बघितलं.

"त्यांचं बरं आहे?" काकांनी विचारलं.

"हो. छान जिना चढतात."

"मी काही विचारलेलं नाही," काका म्हणाले, आणि शेंगापोळ्यांचा डबा आत घेतला.

सुगावा अजून चेंबरमध्येच आहे. काका तो काढायला तयार नाहीत. पण शार्दूलच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की गाठ परत आली तर सगळ्यात आधी एचसीजी वाढेल, त्याच्यावर नजर ठेवा. त्यामुळे आता रोज सकाळी ग्रुपवर नाही, फक्त शार्दूलच्या फोनवर एक संदेश येतो: 'शुभ सकाळ. आज शून्य. पाणी उद्या.' काका तो वाचून पाठवतात.

औषधांचा शेवटचा डोस झाला त्या दिवशी शार्दूल टेबलाशी बसला. चार भाषांत दिलगिरी लिहिणाऱ्या माणसाला आभार लिहायची सवय नसते, म्हणून वेळ लागला. मग त्याने एकच अर्ज लिहून विधी व न्याय विभागाला पाठवला:

'विषय: मदत करणाऱ्या व्यक्तींचे शासनामार्फत आभार मानण्याबाबत.

महोदय, अर्जदार हा काही काळ आपल्या कायद्यानुसार गरोदर होता व सध्या नाही. त्या काळात श्री. होटकर यांनी गाडी, आवळासुपारी व इडल्या पुरवल्या, श्रीमती नरसम्मा येमूल यांनी अर्जदारास मरू देण्यास नकार दिला, आणि सौ. लावण्या येमूल यांनी स्वतःच्या गरजेची वस्तू अर्जदारास दिली. सदर कायद्यात मदत करणाऱ्यांकडून वसुलीची तरतूद आहे, परंतु त्यांचे आभार मानण्याची तरतूद आढळून येत नाही. तरी वरील सर्वांचे, सीमेच्या दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांसह, राज्य शासनाने राजपत्रात नावानिशी आभार मानावेत. तसेच त्याच दिवशी, त्याच गाडीने झालेल्या आणखी एका मदतीबद्दलही मानावेत, जिचा तपशील अर्जदार देऊ शकत नाही व शासनाने विचारू नये. हे आभार मानण्यास तीन वर्षांचा विलंब आधीच झालेला असल्याने ते व्याजासह मानण्यात यावेत, ही नम्र विनंती.'